थेट विक्रीत बक्षीस योजना : काय चालते, काय चालत नाही

(नवी मुंबई परिसरात थेट विक्री करणाऱ्या शेतकरी गटांच्या व महिला बचत गटांच्या प्रशिक्षण वर्गात वाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा माझा विषय पिकाचा नाही, पिकवलेला माल विकण्याचा आहे. मी कृषिविद्या शिकवतो, वकिली करीत नाही. तरीही हा विषय घेण्याचे कारण असे की, गेल्या काही हंगामांत निरनिराळ्या गटांकडून एकच प्रश्न वारंवार विचारला गेला : "सर, पेटीबरोबर कूपन देऊन सोडत काढली तर गिऱ्हाईक वाढेल का?" गिऱ्हाईक वाढेल की नाही, हा पुढचा प्रश्न आहे. अशी सोडत काढण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर माहीत नसल्यामुळे चांगला माल पिकवणारा गटही विनाकारण अडचणीत येऊ शकतो.

थेट विक्रीची पार्श्वभूमी

नवी मुंबई ही आपल्या दृष्टीने मोठी बाजारपेठ आहे. मुंबईचा कांदा-बटाटा बाजार १९८१ साली येथे आला. भाजीपाला व फळांचे घाऊक बाजार १९९६ साली आले. पुढे २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली. त्यानंतर शेतकरी आठवडी बाजार, गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील विक्री, आगाऊ मागणी घेऊन पेट्या घरपोच देणे, असे प्रकार वाढले. कोकणातील आंबा, अलिबागचा पांढरा कांदा, घाटावरची भाजी आता वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल येथील ग्राहकांपर्यंत उत्पादकाच्या हातून पोहोचते.

व्यापाऱ्याला माल देताना जाहिरातीची गरज नव्हती. थेट विक्रीत मात्र ग्राहकाने आपल्याच टेबलाशी थांबावे, यासाठी काहीतरी करावे लागते. मग शेजारच्या दुकानातील 'लकी ड्रॉ'चा फलक डोळ्यांसमोर येतो.

एका गटाने छापण्यापूर्वी मला दाखवलेल्या पत्रकाचा मसुदा उदाहरणादाखल सांगतो. 'हापूसच्या प्रत्येक पेटीमागे एक कूपन. अक्षय्य तृतीयेला सोडत. पहिले बक्षीस फ्रिज, दुसरे मिक्सर, तिसरे पैठणी.' हेतू वाईट नव्हता. बक्षिसेही ते खरोखरच देणार होते. परंतु हे पत्रक कायद्याच्या कसोटीला लावून पाहू.

तीन दगडांची चूल

चूल मांडायला तीन दगड लागतात. खाजगी लॉटरीचेही तसेच आहे. पहिला दगड बक्षीस. दुसरा दगड नशीब, म्हणजे विजेता चिठ्ठीने ठरणे. तिसरा दगड पैसा, म्हणजे भाग घेण्यासाठी काहीतरी मोजावे लागणे. हे तीन दगड एकत्र आले की ती लॉटरी होते. मग तिला सोडत म्हणा, भाग्यवान ग्राहक योजना म्हणा, नाहीतर आनंदमेळा म्हणा. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही.

वरील पत्रकात बक्षीस आहे, नशीब आहे, आणि पेटी विकत घेतल्याशिवाय कूपन मिळत नाही. कूपनाची वेगळी किंमत घेतलेली नाही, हा युक्तिवाद करता येईल. तथापि ती किंमत पेटीच्या दरातच धरली आहे, असे म्हणण्यास समोरच्याला वाव राहतो. या वादात आपण पडावे कशाला?

येथे एक शंका हमखास निघते. नवी मुंबईच्या माणसाला सोडत हा शब्द चांगला परिचयाचा आहे, कारण सिडको घरांची सोडत काढते. २०१८ साली १४,८३८ घरांची अशी मोठी योजना झाली होती. सिडको सोडत काढते तर आपण का नाही? उत्तर असे की, त्या सोडतीत कोणालाही बक्षीस मिळत नाही. घर लागलेल्याला घराची ठरलेली किंमत भरावी लागते आणि न लागलेल्याची अनामत रक्कम परत मिळते. घरांपेक्षा अर्ज जास्त आले तर कोणाला द्यायचे, हे ठरवण्याची ती पद्धत आहे. आपल्या फ्रिजची गोष्ट वेगळी आहे.

लॉटरीबाबत कायदा काय सांगतो

खाजगी लॉटरीचे कार्यालय चालवणे हा भारतीय दंड संहितेत १८७० सालापासून गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २९७ मध्ये हीच तरतूद आहे. राज्याची नसलेली किंवा राज्य शासनाने परवानगी न दिलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा लॉटरीची जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पत्रक छापून वाटणे हासुद्धा स्वतंत्र गुन्हा आहे, हे ध्यानात घ्यावे.

याशिवाय १९९८ चा लॉटरी नियमन कायदा आहे. तिकीट विकत घेणाऱ्यांना चिठ्ठीने बक्षिसे वाटण्याची कोणतीही योजना, तिचे नाव व रूप काहीही असो, या कायद्याने लॉटरी ठरते. अशी लॉटरी फक्त राज्य शासनाला, तीही ठरलेल्या अटी पाळून, काढता येते. तिकिटावर राज्याचे नाव व चिन्ह असले पाहिजे, विक्रीचे पैसे शासनाच्या खात्यात जमा झाले पाहिजेत, सोडत राज्यातच निघाली पाहिजे. या कायद्याचा भंग झाल्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. केरळने १९६७ साली आणि महाराष्ट्राने १९६९ साली राज्य लॉटरी सुरू केली. पण ती शासनाची होती. त्यावरून गावातील मंडळाला, गटाला किंवा दुकानदाराला तोच अधिकार मिळत नाही. उत्सवासाठी 'देणगी कूपन' विकून सोडत काढणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे.

शब्दकोड्यांचा जुना खटला

ही बंदी आजची नाही आणि त्यामागचा एक महत्त्वाचा खटला आपल्या मुंबईचाच आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे वृत्तपत्रांतून शब्दकोड्यांच्या स्पर्धांची मोठी लाट आली होती. कूपन भरायचे, प्रवेश फी पाठवायची आणि संयोजकाच्या पाकिटातील उत्तराशी आपले उत्तर जुळले तर बक्षीस मिळवायचे, असा तो प्रकार होता. मुंबई सरकारने १९४८ साली त्यावर नियंत्रण व कर आणणारा कायदा केला. बंगलोरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून चमारबागवाला यांच्या अशा स्पर्धा चालत. हे साप्ताहिक मुंबई राज्यातही खपे. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

१९५७ साली सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने निकाल दिला. जुगाराला व्यापार म्हणता येणार नाही, म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्याला नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालात, ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कसबावर अवलंबून असते ती जुगारात मोडत नाही, हेही स्पष्ट झाले. नशीब आणि कसब यांतील ही रेषा आजही मानली जाते. आपल्याला उपयोगी पडणारी रेषा हीच आहे.

शब्दकोड्यांसाठी १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदाही आहे. अक्षरे, शब्द किंवा आकडे जुळवण्याच्या कोड्यावर बक्षीस द्यावयाचे असल्यास परवाना लागतो. महिन्यातील बक्षिसांची एकूण किंमत रु. १,००० पेक्षा जास्त आणि प्रवेशिका २,००० पेक्षा जास्त असता कामा नयेत. म्हणून विक्रीच्या पत्रकावर 'शब्दकोडे सोडवा, बक्षीस मिळवा' असा मजकूर सहज म्हणून छापू नये.

हप्त्याची सोडत अधिक घातक

गावोगावी आणखी एक प्रकार दिसतो. शे-दोनशे सभासद दरमहा ठरावीक हप्ता भरतात. दरमहा चिठ्ठी निघते. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला वस्तू मिळते आणि पुढचे हप्ते माफ होतात. शेवटी उरलेल्यांना एखादी भेटवस्तू किंवा भरलेले पैसे परत देण्याचे आश्वासन असते. गोडबोल्या चालकाच्या भरवशावर हे चालते आणि पुष्कळदा मध्येच बंद पडते.

अशा योजनांवर १९७८ च्या बक्षीस चिट व पैसा फिरवणाऱ्या योजना बंदी कायद्याने थेट बंदी आहे. योजना चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बचत गटाच्या भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे की, गटाची बचत व अंतर्गत कर्जवाटप यांत असली सोडत मिसळू नये. बाहेरच्या व्यक्तीने 'तुमच्या गटाच्या नावावर योजना चालवू, कमिशन देऊ' म्हटले, तर स्पष्ट नकार द्यावा. पैसे बुडाले तर लोक गटाच्या दारात येतात, कारण पावतीवर नाव गटाचे असते.

ग्राहक कायद्याची कसोटी

आता कोणी म्हणेल, तीन दगडांपैकी पैशाचा दगड काढून टाकू. पेटी घ्या वा न घ्या, कूपन फुकट देऊ. लॉटरीच्या कायद्यातून बहुधा सुटका होईल, पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उभाच असतो. हा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. त्यातील तीन गोष्टी आपल्या विषयाशी निगडित आहेत.

१) जाहीर केलेले बक्षीस किंवा भेट देण्याचा इरादाच नसणे, अथवा जी वस्तू 'फुकट' म्हणून सांगितली तिची किंमत मालाच्या दरात पूर्ण वा अंशतः वसूल करणे.

२) मालाची विक्री वाढवण्याच्या हेतूने स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा किंवा कसबाचा खेळ चालवणे. नियमांनी सूट दिलेले प्रकार तेवढे याला अपवाद आहेत.

३) योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांना न कळवणे. वाजवी मुदतीत, ज्या वृत्तपत्रात जाहिरात दिली त्याच वृत्तपत्रात ठळकपणे निकाल छापला, तर तो कळवला असे धरले जाते.

दुसरा मुद्दा नीट पाहावा. त्यात कसबाचा खेळसुद्धा आला आहे. म्हणजे 'पेटी घ्याल तरच स्पर्धेत भाग' अशी अट घातली, तर स्पर्धा कितीही कसबाची असली तरी ती या कलमाच्या तोंडाशी जाते. म्हणून स्पर्धा आणि खरेदी यांची गाठ बांधू नये.

ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करणे सोपे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. शेकडो ग्राहकांपैकी एकाला जरी वाटले की सोडतीत लबाडी झाली, तरी गटाच्या अध्यक्षांना हंगामाच्या ऐन भरात आयोगापुढे उभे राहावे लागेल.

मोठ्या कंपन्या कशा करतात?

हा प्रश्न साहजिक आहे. हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीने काही बाटल्यांत बक्षिसाच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या. मक्तेदारी आयोगाने ती योजना बंद करण्याचा आदेश दिला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. बाटलीत चिठ्ठी निघाली एवढ्यावरून ती लॉटरी होत नाही, असे त्या प्रकरणात ठरले.

दुसरे उदाहरण 'कौन बनेगा करोडपती'चे. २००७ साली प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' ही स्पर्धा होती. उत्तर मोबाईलच्या संदेशाने पाठवायचे आणि बरोबर उत्तर देणाऱ्यांतून विजेता निवडला जायचा. संदेशाला नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे रु. २.४० आकार होता. बक्षिसाचा पैसा प्रेक्षकांकडूनच वसूल केला जातो, अशी तक्रार झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वाहिनी व मोबाईल कंपनी यांना मिळून एक कोटी रुपये दंडात्मक भरपाई भरण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ती रद्द केली. बक्षिसाचा पैसा संदेशांच्या आकारातून आल्याचा पुरावा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

दोन्ही ठिकाणी कंपन्या जिंकल्या, हे खरे. पण दुसऱ्या प्रकरणात अकरा वर्षे गेली. त्यांच्याकडे वकिलांचा ताफा असतो. आपल्याकडे कलमे व फवारणीचे वेळापत्रक असते. जिंकण्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावे लागेल, असा मार्ग लहान उत्पादकाचा नव्हे. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरांत 'ही योजना तमिळनाडूत लागू नाही' असे पुष्कळदा छापलेले असते. तेथे १९७९ पासून बक्षीस योजनांवर वेगळी बंदी आहे. म्हणजे त्यांनाही प्रत्येक पाऊल कायदा पाहून टाकावे लागते.

मग स्पर्धा घ्यायचीच नाही का?

अवश्य घ्यावी, पण कसबाची व विक्रीपासून सुटी. स्पर्धेने ग्राहकाची ओळख होते आणि मालाविषयी चार चांगले शब्द घरोघरी जातात. तेवढाच तिचा हेतू ठेवावा.

स्पर्धा नीट कशी चालवावी, याचा उत्तम नमुना आपल्या घरातच आहे. कृषी विभागाची पीक स्पर्धा आपण पाहिली आहे, काहींनी भागही घेतला असेल. तीत पिकाखाली ठरावीक किमान सलग क्षेत्र लागते. पीक कापणी समितीसमोर होते. वजन सर्वांच्या देखत होते. उत्पादनाच्या आकड्यावरून क्रमांक लागतो. चिठ्ठी कोठेही नाही. हरलेला शेतकरी हळहळतो, पण फसवले गेलो असे म्हणत नाही. नियम आधी माहीत, मोजमाप उघड, परीक्षक बाहेरचे, निकाल जाहीर, या चार खांबांवर ती उभी आहे. शासनाच्या स्पर्धेला प्रवेश शुल्क असते. आपण मात्र ते घेऊ नये.

याच धर्तीवर गटाला पुढील स्पर्धा घेता येतील : तांदळाच्या किंवा नाचणीच्या पदार्थांची पाककृती स्पर्धा, मुलांची चित्रकला स्पर्धा, गच्चीवरील व खिडकीतील भाजीपाल्याची स्पर्धा. शेवटची स्पर्धा नवी मुंबईच्या सोसायट्यांत विशेष रंगेल आणि शेतीची कदर वाढवील. 'भोपळ्याचे वजन ओळखा', 'बरणीतील बोरे किती' असले प्रकार टाळावेत. त्यात कसब किती व नशीब किती, यावर वाद होतो.

स्पर्धा घेताना पुढील काळजी घ्यावी :

१) प्रवेश विनामूल्य ठेवावा. खरेदीची पावती, रिकामी पेटी किंवा कूपन मागू नये.

२) नियम सोप्या मराठीत एका पानावर छापावेत. शेवटची तारीख, जागा, वेळ, बक्षिसांची संख्या व किंमत स्पष्ट लिहावी. एकदा जाहीर केलेला नियम मध्येच बदलू नये.

३) गुणांची विभागणी आधी जाहीर करावी. उदाहरणार्थ, पाककृतीसाठी चव ४०, स्थानिक धान्य वा भाजीचा वापर ३०, पौष्टिकता २०, मांडणी १०, असे एकूण १०० गुण.

४) परीक्षक तीन असावेत व गटाबाहेरचे असावेत. गटाचे सभासद, परीक्षक व त्यांच्या घरची माणसे यांना भाग घेता येणार नाही, असे नियमात लिहावे.

५) समान गुण झाल्यास चिठ्ठी टाकू नये. बक्षीस विभागून द्यावे. नाहीतर दारातून घालवलेले नशीब खिडकीतून परत येते.

६) प्रवेशिका, गुणपत्रके व बक्षीस मिळाल्याच्या सह्या एका वहीत नोंदवाव्यात आणि ती वही जपून ठेवावी.

७) जेथे जाहिरात लावली तेथेच निकाल लावावा. सोसायटीच्या फलकावर जाहिरात असेल तर निकालही त्याच फलकावर, आणि मोबाईलच्या गटावर असेल तर त्याच गटावर द्यावा.

८) एका व्यक्तीचे बक्षीस रु. १०,००० च्या आत ठेवावे. सोडत, शब्दकोडी व तत्सम खेळांतील त्यापेक्षा मोठ्या बक्षिसावर ३० टक्के आयकर देणाऱ्याने कापून भरावयाचा असतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, तर ती हाती देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री करावी लागते. लहान बक्षिसात हा व्याप येत नाही.

९) स्पर्धेसाठी घेतलेले फोन क्रमांक दुसऱ्या कोणाला देऊ नयेत. पुढच्या हंगामात मालाची माहिती पाठवायची असेल, तर तशी वेगळी संमती घ्यावी.

बक्षीस एकाला की लाभ सर्वांना?

आता हिशोब पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक गटाने आपले आकडे घालावेत. समजा, गटाला दोन डझनांच्या ४०० पेट्या रु. १,२०० दराने विकायच्या आहेत. एकूण आंबे ९,६००, म्हणजे एक आंबा रु. ५० ला पडतो. मघाच्या पत्रकातील बक्षिसांना रु. ४०,००० आणि कूपने, फलक व सोडतीच्या कार्यक्रमाला रु. ६,००० लागतील. एकूण रु. ४६,०००, म्हणजे प्रत्येक पेटीमागे रु. ११५. यातून तिघे खूश होतात. उरलेल्या ३९७ पेट्यांच्या ग्राहकांना काहीच मिळत नाही. शिवाय फ्रिज अध्यक्षांच्या पाहुण्याला लागला, अशी कुजबुज होते ती वेगळीच.

त्याऐवजी 'कापल्यावर साका निघाला तर आंबा बदलून' असे लेखी वचन प्रत्येक पेटीत ठेवले तर काय होईल? हापूसमध्ये साका ही मोठी अडचण आहे, कारण तो बाहेरून दिसत नाही. ग्राहकाच्या मनात तीच धास्ती असते. शंभर आंब्यांमागे पाच बदलून द्यावे लागले असे धरले, तरी ४८० आंबे, म्हणजे विक्रीच्या दराने रु. २४,००० होतात. पाककृती स्पर्धेला रु. ५,००० व छपाईला रु. २,००० धरले, तर एकूण रु. ३१,०००. प्रत्येक पेटीमागे साधारण रु. ७८ पडतात. खर्च कमी, कायद्याची अडचण नाही आणि वचन सर्व ४०० पेट्यांना लागू.

हा खर्च आणखी कमी करणे तर आपल्याच हाती आहे. फळे चौदा आणे तयार झाल्यावर, म्हणजे सुमारे ८५ टक्के पक्वतेला काढली तर साक्याचे प्रमाण घटते. झाडावर जास्त पिकू दिलेल्या व काढल्यावर तापलेल्या जमिनीवर ठेवलेल्या फळांत ते वाढते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला वापरावा, फळ देठासह उतरवावे, लगेच सावलीत न्यावे. काढणीतील कसबाचा पैसा असा थेट वचनाच्या खर्चात वाचतो. सोडतीत मात्र चांगल्या काढणीने एक पैसाही वाचत नाही.

सर्वांना सारखा लाभ देण्याचे आणखी मार्ग आहेत. डझनाला तेरावा आंबा द्यावा. रिकामी पेटी परत आणणाऱ्यास ठरलेली सूट द्यावी. आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यास दरात सवलत द्यावी. नेहमीच्या ग्राहकांना मोहोराच्या किंवा काढणीच्या वेळी बाग पाहायला बोलवावे. यांत चिठ्ठी नाही, म्हणून लॉटरी नाही. स्पर्धा नाही, म्हणून वाद नाही. पथ्य एकच : आधी दर वाढवून मग सूट दाखवू नये. तेरावा आंबा 'फुकट' म्हणायचा असेल, तर बाराचा दर कालचाच असला पाहिजे.

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांचा तो मान आहे. ग्राहक त्या नावाचे जादा पैसे मोजतो ते विश्वासापोटी. त्या विश्वासाला चिठ्ठीच्या खेळाचे ठिगळ जोडण्याचे कारण नाही.

थोडक्यात

विक्रीला बांधलेली सोडत काढू नये. तिकीट किंवा देणगी कूपन विकून सोडत तर मुळीच काढू नये. हप्त्याच्या सोडतीजवळही जाऊ नये. स्पर्धा कसबाची, विनामूल्य व खरेदीपासून सुटी ठेवावी. नियम आधी सांगावेत, निकाल तेथेच लावावा, वही ठेवावी. शक्यतो बक्षिसाचा पैसा सर्व ग्राहकांच्या लाभात घालावा. योजना मोठी असेल किंवा मनात शंका असेल, तर पत्रक छापण्यापूर्वी जाणत्या वकिलाला दाखवावे. एका भेटीची फी पुढच्या त्रासापेक्षा नक्कीच स्वस्त पडते.

ज्या गटाचा मसुदा मी सांगितला, त्यांनी फ्रिजचा विचार सोडून साका बदलून देण्याची चिठ्ठी छापली. पेटीत चिठ्ठी घालायचीच असेल तर ती अशी असावी. शेती करताना पाऊस, वारा आणि बाजारभाव यांपुढे नशिबाचा भाग आपल्याला टाळता येत नाही. ग्राहकाशी व्यवहार करताना तो टाळता येतो, आणि तो टाळावा.

 काही शंका असतील तर आता अवश्य विचाराव्यात.